पिकअपला एटी टायर घेताय? कॅनडाच्या हिवाळ्याआधी या चुका टाळा

अल्बर्टात आलेला आपला माणूस दोन-तीन हिवाळे सिडानमध्ये काढतो आणि मग पिकअप घेतो. पिकअप आली की पाठोपाठ एटी टायर येतात. एटी म्हणजे ऑल-टेरेन: खडीचा रस्ता, चिखल, कॅम्पिंगची पायवाट, सगळीकडे चालणारे, दिसायलाही रांगडे. दुकानातला माणूस सांगतो, "हे बारा महिने चालतील, हिवाळ्यात बदलायची कटकट नाही." तो खोटं बोलत नसतो. फक्त निम्मंच सांगतो, आणि उरलेलं निम्मं जानेवारीतल्या एखाद्या सिग्नलवर कळतं.

थोडक्यात माझं म्हणणं असं: चांगला एटी टायर तुम्हाला बर्फातून (पडलेल्या हिमातून) पुढे काढतो, पण आइसवर, म्हणजे गोठलेल्या पाण्याच्या कडक थरावर, थांबवतोच असं नाही. टायर निवडताना होणाऱ्या बहुतेक चुका या दोन गोष्टी एकच समजल्यामुळे होतात.

‘एम+एस’ वाचून निर्धास्त होणं

टायरच्या बाजूला एम+एस छापलेलं असतं. मड अँड स्नो. हे वाचून पुष्कळ लोक समाधानाने कार्ड पुढे करतात. ही अक्षरं टायरच्या नक्षीची ठेवण सांगतात: खाचा किती आणि कशा आहेत एवढंच. त्यासाठी बर्फावर कुठलीही चाचणी द्यावी लागत नाही. म्हणून जवळपास प्रत्येक एटी टायरवर ती असतात.

शोधायचं ते दुसरं चिन्ह: तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या आत हिमकण. १९९९ पासून हे चिन्ह उत्तर अमेरिकेत वापरात आहे. ते मिळवायला टायरला दाबलेल्या बर्फावर एका ठरलेल्या प्रमाण टायरपेक्षा किमान १० टक्के जास्त पकड दाखवावी लागते. पण ही चाचणी गाडी पुढे खेचण्याची आहे. त्यात ब्रेक मारून पाहत नाहीत, वळून पाहत नाहीत, आणि आइस तर त्यात नसतोच. म्हणजे चिन्ह हवंच, पण त्यातून वाटेल तो अर्थ काढू नये.

बीएफगुडरिच केओ२, फाल्कन वाइल्डपीक एटी३डब्ल्यू, टोयो ओपन कंट्री ए/टी ३ अशा नावाजलेल्या टायरांवर हे चिन्ह येतं. तरीही जाहिरात वाचून ऑर्डर देऊ नका. काही मॉडेलांत एका साइझला चिन्ह असतं, दुसऱ्याला नसतं. टायर रिमवर चढवण्याआधी स्वतः वाकून बघा. त्याच वेळी टायरच्या बाजूला छापलेल्या डीओटी कोडचे शेवटचे चार आकडेही वाचून घ्या: ३५२३ म्हणजे २०२३ च्या पस्तिसाव्या आठवड्यातला माल. सेलमध्ये स्वस्त मिळणारा टायर कधीकधी गोदामात दोन-तीन वर्षं पडलेला असतो.

आपला हिवाळा कुठला, हे न बघणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच.

एडमंटनच्या पलीकडे एखाद्या एकरेजवर, म्हणजे गावाबाहेरच्या मोठ्या जागेवर, राहणाऱ्याचा हिवाळा आणि कॅलगरीत रोज डिअरफूट हायवेवरून ऑफिसला जाणाऱ्याचा हिवाळा सारखा नाही. पहिल्याच्या वाट्याला भुसभुशीत, खोल, रस्त्यावरून न हटवलेला बर्फ येतो. तिथे एटीचे मोठे ब्लॉक (नक्षीचे उंचवटे) आणि रुंद खाचा खरंच कामाला येतात. दुसऱ्याला छळतो तो चिनूक, म्हणजे डोंगरावरून उतरणारा उबदार वारा. उणे वीसवरून पारा काही तासांत शून्याच्या वर चढतो, रस्त्यावर पाण्याचे ओघळ येतात, आणि संध्याकाळी तेच पाणी गोठून काळा, न दिसणारा थर होतो. चौकात तर आणखी वाईट. थांबणाऱ्या आणि जागच्या जागी फिरणाऱ्या चाकांनी तिथला थर घासून गुळगुळीत केलेला असतो.

आइस शून्याच्या आसपास जास्त निसरडा असतो, उणे पंचविसात कमी. शून्याजवळ त्यावर ओलसर थर असतो आणि टायरखाली तोच घात करतो. त्यामुळे ‘आज थंडी कमी आहे’ हे ऐकून निवांत होणाऱ्याने खरं तर जपून चालवायला हवं.

अशा ठिकाणी कामाला येतं ते मऊ रबर आणि ब्लॉकवरच्या असंख्य बारीक चिरा. चिरांच्या कडा पृष्ठभागाला धरतात. तापमान ७ अंशांच्या खाली गेलं की साधं उन्हाळी किंवा ऑल-सीझन रबर कडक व्हायला लागतं. विंटर टायरचं रबर मुद्दाम असं बनवलेलं असतं की ते कडाक्यातही लवचीक राहतं. एटीला मात्र जुलैतला तापलेला हायवे आणि धारदार खडीही झेलायची असते. तो पूर्ण मऊ होऊच शकत नाही, मग त्याच्यावर चिन्ह असो वा नसो.

म्हणून माझा सल्ला. तुम्ही बहुतेक वेळ खडीच्या किंवा कच्च्या रस्त्यावर असाल, वादळ आलं तर घरी थांबू शकत असाल, तर चिन्हवाले एटी बारा महिने ठेवा. सकाळी सातला शहरातल्या हायवेवर असणं भाग असेल, गाडीत मुलं असतील, तर उन्हाळ्यात एटी आणि हिवाळ्यात वेगळा विंटर सेट. ब्लिझॅक, हाक्कापेलिट्टा, एक्स-आइस या विंटर टायरांच्या तिन्ही घराण्यांत पिकअप-एसयूव्हीच्या साइझ मिळतात. ‘दोन सेट म्हणजे दुप्पट खर्च’ हा हिशेब चुकीचा आहे, कारण एक सेट धावतो तेव्हा दुसरा गॅरेजमध्ये आराम करतो आणि दोन्ही जास्त वर्षं टिकतात. जादा खर्च रिमचा आणि हवेच्या सेन्सरचा, तेवढाच.

मड-टेरेन टायर घेऊन ‘हे तर आणखी दणकट’ असं म्हणणाऱ्यांसाठी एक वाक्य पुरे. त्याच्या रुंद खाचा चिखल बाहेर फेकायला केलेल्या असतात, आणि बर्फ मात्र खाचेत थोडा धरून ठेवावा लागतो, कारण बर्फाला सगळ्यात चांगलं बर्फच चिकटतं.

दहा प्लायचा मोह आणि दाराच्या स्टिकरवरची हवा

एफ-१५०, सिल्व्हराडो १५००, रॅम १५०० या गाड्या कारखान्यातून बहुधा पी-मेट्रिक (प्रवासी गाड्यांच्या) किंवा तत्सम हलक्या बांधणीच्या टायरांवर येतात. दुकानात मात्र एलटी (लाइट ट्रक), लोड रेंज ई, म्हणजे जास्त वजन पेलणारा जाड बांधणीचा ‘दहा प्लाय’ पुढे केला जातो. नाव दणकट आहे, पण घ्यावा का?

जड ट्रेलर ओढणाऱ्याने किंवा रोज धारदार खडीवर जाणाऱ्याने जरूर घ्यावा. एफ-२५० किंवा २५०० वर्गातल्या गाडीला तर तो लागतोच. पण रिकामा हौदा घेऊन ऑफिस आणि कॉस्टको करणाऱ्या अर्ध्या टनी (१५०/१५०० वर्गातल्या) पिकअपला ई रेंज म्हणजे गरज नसलेलं वजन आणि ताठरपणा. हलक्या गाडीखाली तो टायर नीट दबत नाही, रस्त्याशी जुळवून घेत नाही, आणि थंडीत आणखी ताठ होतो. एटीचे बरेच मॉडेल हलक्या बांधणीतही मिळतात. विचारल्याशिवाय दुकानदार सांगत नाही.

एलटी घेतलाच, तर पुढची गडबड हवेची. दाराच्या चौकटीवरचं स्टिकर, समजा ३५ पीएसआयचं, मूळ टायरसाठी लिहिलेलं असतं. तितकंच वजन पेलायला एलटी टायरला जास्त हवा लागते, कधी दहा पीएसआय किंवा त्याहूनही जास्त. नेमका आकडा लोड-इन्फ्लेशन तक्त्यात मिळतो. तो दुकानदाराकडून लिहून घ्या. उलट टोकाची चूक म्हणजे टायरच्या बाजूला ८० पीएसआय छापलंय म्हणून ८० भरणं. तो आकडा कमाल मर्यादेचा आहे. रिकाम्या पिकअपमध्ये तेवढी हवा भरली तर टायर मधल्या पट्ट्यावरच चालतो आणि बर्फावर मागचा भाग उनाड होतो.

यात एक छुपा सापळा आहे. डॅशबोर्डवरचा हवा कमी झाल्याचा दिवा साधारणपणे स्टिकरवरच्या आकड्यापेक्षा २५ टक्के खाली गेल्यावर लागतो. ३५ च्या गाडीत म्हणजे २६ च्या आसपास. तुमच्या एलटीला ४५ हवेत आणि त्यात ३० उरलेत, तरी दिवा गप्प! दर दहा अंश उतारावर साधारण २ पीएसआय हवा कमी होते. सप्टेंबरच्या वीस अंशांत भरलेली हवा जानेवारीच्या उणे पंचविसात आठेक पीएसआयने घटते, टायरला कुठेही गळती नसताना. गेज हातात घ्या आणि रात्रभर बाहेर उभ्या असलेल्या गाडीची हवा मोजा. गरम गॅरेजमध्ये मोजलेला आकडा फसवा असतो.

बाकीच्या चुका, भराभर

रुंद टायर. दिसतो भारी, पण ओल्या, चिखलासारख्या बर्फावर रुंद टायर तरंगतो आणि अरुंद टायर कापून खाली जातो. आइसलंडमधल्या मोठ्या चाकांच्या गाड्यांचे व्हिडिओ बघून निर्णय घेऊ नका. ते लोक हवा जवळजवळ काढून टाकून हिमनदीवर चालवतात. कंपनीच्या साइझमध्ये राहा. शिवाय रुंद टायर लावला आणि चाकाच्या कमानीत बर्फ साचला की वळताना घासायला लागतो.

फोर-बाय-फोरचा माज. चारही चाकांना ताकद मिळाली की गाडी निघते झकास. ब्रेक मात्र टू-व्हील ड्राइव्हलाही चारच चाकांना असतात. वादळानंतर हायवेच्या कडेला खड्ड्यात उतरलेल्या गाड्या मोजा, त्यात पिकअप कमी नसतात.

दोनच टायर बदलणं. पुढे नवे आणि मागे गोटा झालेले, म्हणजे मागचा भाग कधी पुढे यायला बघेल याचा नेम नाही. आणि पुढच्या-मागच्या घेरात फरक पडला की ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या भागावर) ताण येतो तो वेगळाच. चारही एकदम.

‘अजून कायद्यात बसतात.’ उन्हाळ्याच्या दृष्टीने बसत असतील. बर्फासाठी नक्षी ४-५ मिलिमीटरच्या खाली गेली की पकड झपाट्याने घटते, आणि काही एटी टायरांच्या बारीक चिरा पूर्ण खोलीपर्यंत जातच नाहीत. दोन-तीन वर्षं वापरलेला एटी बाहेरून जाडजूड दिसतो, पण त्याच्या चिरा संपलेल्या असतात. नखाने तपासा.

खिळे, म्हणजे स्टड, नंतर मारू असं ठरवणं. ते नव्या, न धावलेल्या टायरमध्येच मारायचे असतात, आणि तेही ज्याला त्यासाठी भोकं दिली आहेत अशाच टायरमध्ये. शिवाय कायदा जागेनुसार बदलतो: अल्बर्टात चालतात, दक्षिण ओंटारिओत चालत नाहीत, सीमेपलीकडे मिनेसोटातही तिथल्या रहिवाशांना बंदी आहे.

सीमा ओलांडताना

अल्बर्टात विंटर टायरची सरसकट सक्ती नाही, त्यामुळे इथला माणूस बेफिकीर असतो. पण बॅन्फच्या पुढे गोल्डनला जायला निघालात की किकिंग हॉर्स खिंडीत ब्रिटिश कोलंबिया सुरू होतं. तिथे बहुतेक डोंगरी रस्त्यांवर १ ऑक्टोबरपासून एम+एस किंवा हिमकणाचं चिन्ह आणि किमान ३.५ मिलिमीटर नक्षी लागते. क्वेबेक जास्त कडक: १ डिसेंबर ते १५ मार्च हिमकणाचं चिन्हच हवं, नुसतं एम+एस चालत नाही. नोकरी बदलून कॅलगरीहून मॉन्ट्रियलला जाणाऱ्यांनी हे ट्रकवाला बोलावण्याआधी बघावं. ओंटारिओत कायदा नाही, पण विमा कंपन्यांना विंटर टायरसाठी सवलत द्यावी लागते. तुमचा एटी त्यात धरतात का, ते एजंटला विचारा. चिन्ह असेल तर वाद घालायला जागा राहते.

टायर बसवले, आता काहीतरी बिनसलंय

सकाळी पहिले काही किलोमीटर धडधड होते आणि मग आपोआप थांबते: रात्रभर उभं राहून टायर खालून चपटा झालेला असतो, गरम झाला की गोल होतो. काळजी नको. थांबलीच नाही तर बॅलन्स तपासा.

वादळानंतर हायवेवर स्टीअरिंग थरथरायला लागलं: टायरला दोष देण्याआधी रिमच्या आतल्या बाजूला बघा. तिथे बर्फ गोठून बसलेला असतो आणि चाकाचा तोल जातो. गरम कार वॉशमध्ये नेली की बहुतेक वेळा काम होतं. यासाठी टायरच्या दुकानात पैसे देऊन आलेले लोक मला माहीत आहेत.

गाडी हायवेवर इकडे-तिकडे भरकटते: आधी हवा, मग हवा, मग अलाइनमेंट.

रिकाम्या गाडीचा मागचा भाग वळणावर निसटतो: हौद्यात मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर वाळूची पोती ठेवा आणि बांधा. टेलगेटजवळ ठेवली तर पुढची चाकं हलकी होतात. सैल ठेवलेलं पोतं जोरात ब्रेक मारला की केबिनच्या काचेकडे येतं. कुठे अडकलात तर तीच वाळू चाकाखाली टाकता येते.

नवे टायर पहिल्याच आठवड्यात घसरतात: नव्या रबरावर साच्यातून काढतानाचा गुळगुळीत थर असतो, तो जायला काहीशे किलोमीटर लागतात. म्हणून बसवायचे ते ऑक्टोबरात, रस्ते कोरडे असताना. पहिला बर्फ पडल्यावर फोन केलात तर दुकानात तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळेल. आणि चाकं बसवून शंभरेक किलोमीटर झाले की नट टॉर्क रेंचने पुन्हा आवळून घ्या. बहुतेक दुकानं ते फुकट करून देतात, पण कुणी जात नाही.