लेखक आणि गावं जोडणारे नकाशे शोधताय? या चुका टाळा

इंदूरच्या वाचकाने 'मराठी साहित्याचा नकाशा' असं शोधलं की बहुतेक वेळा समोर येतो तो महाराष्ट्राचा नकाशा. सातपुड्याच्या वर सगळं कोरं. खरं तर 1917 साली साहित्य संमेलन इंदूरला भरलं होतं. भा. रा. तांबे मुंगावलीला जन्मले आणि ग्वाल्हेरला वारले. शरच्चंद्र मुक्तिबोधांचा जन्म तर इंदूरचाच. राज्याची आजची सीमा धरून काढलेल्या नकाशातून ही सगळी माणसं गळतात, आणि माळव्यातल्या मराठी माणसाला ते खटकायलाच हवं. म्हणून प्रदेशाच्या नावाने न शोधता लेखकाच्या नावाने शोधा. विकिडेटावर, म्हणजे विकिपीडियाच्या जोडीच्या खुल्या माहितीसाठ्यात, बऱ्याच लेखकांचं जन्मस्थान नोंदलेलं असतं, त्या गावाचे अक्षांश-रेखांशही असतात, आणि तिथली क्वेरी सेवा (प्रश्न विचारून माहिती काढण्याची सोय) उत्तर थेट नकाशावर मांडून दाखवते.

मात्र जन्मगावालाच साहित्याचं गाव समजू नका. हिंदी कवी गजानन माधव मुक्तिबोध श्योपूरला जन्मले, पुढे नागपूरला राहिले आणि अखेरची वर्षं राजनांदगावला शिकवत होते. श्योपूरवर एक टाचणी रोवली म्हणून त्यांच्या कवितेचा भूगोल कळत नाही. नकाशा हाती आला की आधी सूची वाचा. खूण जन्माची आहे, मुक्कामाची, की कथा जिथे घडते त्या जागेची? हे लिहिलेलं नसेल तर त्या नकाशावर भिस्त ठेवू नका.

सगळ्यात मोठा घोळ जुन्या नावांचा. गोडसे भटजींचं 1857च्या काळातल्या प्रवासाचं पुस्तक, 'माझा प्रवास', घ्या. वरसईहून निघालेल्या भटजींना 1857च्या बंडाची खबर आपल्या शेजारच्या महूजवळ लागली. आता महू शोधायला गेलात तर अधिकृत नाव डॉ. आंबेडकर नगर, आणि जुन्या इंग्रजी नकाशांवर स्पेलिंग 'एम-एच-ओ-डब्ल्यू'. उच्चाराप्रमाणे टाइप केलं तर जुना नकाशा सापडायचाच नाही. ब्रह्मावर्त म्हणजे कानपूरजवळचं बिठूर. ग्वाल्हेर संस्थानातलं भेलसा 1956 पासून विदिशा झालं. अशा वेळी 1908-09च्या सुमाराचं इम्पीरियल गॅझेटिअर, म्हणजे इंग्रज सरकारचा गावोगावच्या माहितीचा कोश, उघडा. त्यात गावाच्या नोंदीतच अक्षांश-रेखांश दिलेले असतात. ते आजच्या नकाशात टाकले की गाव सापडतं. थोडं इकडेतिकडे झालं तर नदी आणि शेजारची गावं ताडून बघा. टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने भारताचे 1950च्या दशकातले, 1:2,50,000 प्रमाणाचे नकाशे मोफत ठेवले आहेत. छोट्या गावांसाठी ते फार कामाला येतात.

'माझा प्रवास'बाबत आणखी एक गोष्ट तपासा. 1907 साली चिं. वि. वैद्यांनी छापलेल्या आवृत्तीत मजकूर बदललेला होता. मूळ हस्तलिखितावरची, दत्तो वामन पोतदारांची आवृत्ती 1966ची. प्रवासमार्गाचा नकाशा यांतल्या कोणत्या पाठावरून काढला आहे, हे कळल्याशिवाय तो पुढे पाठवू नका. आणि दोन गावं आजच्या हायवेने जोडून 'हा भटजींचा मार्ग' असं तर मुळीच म्हणू नका. इंदूर-खांडवा रेल्वेसुद्धा 1870च्या दशकातली. ज्या नकाशात ती दिसते, तो 1857चा नव्हे.

काल्पनिक गावांचे अक्षांश शोधत बसू नका. आर. के. नारायण यांच्या मालगुडीचा नकाशा काढता येतो, पण तो कथेतल्या उल्लेखांवरून.

नकाशा म्हणजे चित्रच, असं धरून चालणं हीही चूकच. महानुभावांची 'स्थानपोथी' ही चौदाव्या शतकातली मराठी पोथी. चक्रधरस्वामी जिथे जिथे राहिले, बसले, त्या जागा तिच्यात शब्दांनी दाखवल्या आहेत: देऊळ कोणत्या दिशेला, दार कुठल्या तोंडाचं. जुनं मराठी साहित्य जागेशी जोडायचं असेल तर मी आधी ही पोथी उघडेन. नुसता चित्रांचा शोध घेणाऱ्याच्या हाती ती कधी लागणार नाही.

आता तांत्रिक अडचण. जुन्या पुस्तकांत नकाशा बहुधा शेवटी, घडी घालून चिकटवलेला असतो. स्कॅन करताना ती घडी उलगडलीच जात नाही, मग पीडीएफमध्ये नुसती पांढरी पाठ किंवा अर्धवट कोपरा दिसतो. अनुक्रमणिकेत 'नकाशा' लिहिलेलं असूनही पान सापडत नसेल तर त्याच आवृत्तीची दुसऱ्या ग्रंथालयातून स्कॅन झालेली प्रत बघा. तीही तशीच निघाली तर गावातल्या जुन्या मराठी ग्रंथालयात जा, आणि प्रत मागताना शेवटची घडीची पानं शाबूत आहेत का, एवढं आधी विचारून घ्या.