गुलाम बाळगणाऱ्या विधवेच्या घराण्याचा इतिहास शोधताय? या चुका टाळा

अमेरिकेतल्या जुन्या खेड्यापाड्यातल्या घराण्यांचा इतिहास शोधणारे बरेच जण एका विधवेपाशी येऊन अडकतात. नवरा असेपर्यंत सगळं सापडत असतं, जमीन, तंबाखू, कर, देणी, आणि तो गेला की बाई कागदांवरून जवळजवळ गायबच होते, आणि तिच्या घरातली गुलाम माणसंही तिच्यासोबत. बहुतेक वेळा कागद असतात, आपण भलत्या नावाने भलत्या ठिकाणी शोधत असतो. व्हर्जिनियात फेअरफॅक्सच्या भागात मराठी घरं बरीच आहेत आणि जॉर्ज वॉशिंग्टनचं घर आणि शेती असलेलं माउंट व्हर्नन तिथल्याच काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) आहे, म्हणून उदाहरण तिथलंच घेते: मार्था डँड्रिज कस्टिस, जी पुढे मार्था वॉशिंग्टन झाली. तिचे कागद भरपूर टिकलेत, त्यामुळे नेमकं कुठे चुकतं ते स्वच्छ दिसतं.

एकाच आडनावाला धरून बसणं

मार्था १७३१ साली डँड्रिज म्हणून जन्मली, १७५० मध्ये लग्न होऊन कस्टिस झाली, १७५७ मध्ये वयाच्या सव्विसाव्या वर्षी विधवा झाली आणि जानेवारी १७५९ मध्ये वॉशिंग्टन. म्हणजे कस्टिस नावाची विधवा जेमतेम दीड वर्ष होती. लग्न झालं की बायकोच्या मालमत्तेचा कारभार कायद्याने नवऱ्याकडे जायचा, त्यामुळे १७५९ नंतर तिच्या जमिनीचे आणि माणसांचे हिशोब जॉर्ज वॉशिंग्टनच्या वह्यांत आहेत. तुमच्या शोधातली विधवा अशीच मध्येच हरवली असेल तर आधी तिचं दुसरं लग्न शोधा, तिसरं झालं असेल तर तेही.

विधवा म्हणजे मालकीण, असं धरून चालणं

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि हिच्यामुळे पुढचं सगळंच चुकत जातं.

मार्थाचा पहिला नवरा डॅनियल पार्क कस्टिस मृत्युपत्र न करताच गेला. मागे साधारण १७,५०० एकर जमीन आणि तीनशेच्या आसपास गुलाम. कायद्याप्रमाणे विधवेला एक तृतीयांश हिस्सा मिळाला पण फक्त तहहयात, म्हणजे तिने त्या माणसांकडून काम करून घ्यायचं, उत्पन्न खायचं, पण त्यांना विकायचं नाही आणि मुक्तही करायचं नाही, ती गेली की ते सगळे परत कस्टिसच्या वारसांकडे. उरलेला हिस्सा जॅकी आणि पॅट्सी या दोन मुलांचा. वारसाच्या बाबतीत गुलाम माणसं जमिनीसारखी स्थावर धरायची असं व्हर्जिनियाने १७०५ च्या कायद्यात ठरवून टाकलं होतं. म्हणून "अमुक बाईचे इतके गुलाम" असं कुठे लिहिलेलं दिसलं की तिथेच थांबू नका, प्रत्येक नावापुढे विचारा की हा माणूस तिचा स्वतःचा, तहहयात हिश्श्यातला, मुलांच्या वाट्याचा, की भाड्याने आणलेला.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर वॉशिंग्टनने स्वतःच्या हाताने लिहिलेली जून १७९९ ची यादी उघडा, अमेरिकेच्या नॅशनल आर्काइव्ह्जच्या साइटवर फुकट वाचता येते. एकेक शेत वेगळं काढलंय आणि नावं दोन भागांत विभागलीत, त्याची स्वतःची आणि मार्थाच्या हिश्श्यातली, आणि नावांसमोर वय, काम, लग्न कोणाशी झालंय अशा नोंदी. एकूण ३१७ माणसं, त्यातली १२३ त्याची, १५३ मार्थाच्या हिश्श्यातली आणि चाळीसच्या आसपास पेनेलोपी फ्रेंच या शेजारणीकडून भाड्याने घेतलेली, आणि तीही विधवाच, तिचाही हक्क तहहयातच. लग्नाच्या नोंदी ताडून बघितल्या की कळतं, नवरा या भागात आणि बायको त्या भागात अशी कितीतरी जोडपी आहेत.

आता याचा परिणाम बघा. हर्क्युलिस नावाचा स्वयंपाकी वॉशिंग्टनचा स्वतःचा, पण त्याची बायको ॲलिस कस्टिसच्या हिश्श्यातली. व्हर्जिनियात १६६२ पासून मूल आईच्या दर्जाप्रमाणे धरायचे, त्यामुळे रिचमंड, एव्ही आणि डेलिया ही तिन्ही मुलं कस्टिस वारसांची. हर्क्युलिस १७९७ मध्ये पळून गेला, पुढे वॉशिंग्टनच्या मृत्युपत्रामुळे कायद्यानेही मुक्त झाला, मुलं मात्र गुलामच राहिली. मार्थाची दासी ओना जज हिचंही तसंच, आई बेटी हिश्श्यातली म्हणून तीही. १७९६ मध्ये ती फिलाडेल्फियातून पळून न्यू हॅम्पशायरला गेली, तिथे लग्न केलं, मुलं झाली, आणि व्हर्जिनियापासून इतक्या लांब जन्मलेली ती मुलंसुद्धा कायद्याच्या नजरेत कस्टिस वारसांची मालमत्ता होती. १८४८ मध्ये ती वारली तेव्हाही कागदोपत्री ती फरारच होती.

आडनावाचा घोळही इथेच होतो. गुलामाचं आडनाव म्हणजे शेवटच्या मालकाचं असं समजू नका. ओनाचं जज हे आडनाव तिच्या गोऱ्या वडिलांचं. हर्क्युलिस न्यूयॉर्कमध्ये पोझी या नावाने राहिला, ते वॉशिंग्टनच्या आधीच्या मालकाचं, त्यामुळे वॉशिंग्टन आडनावाखाली त्याला शोधणाऱ्यांना तो कधी सापडलाच नसता.

मृत्युपत्र नाही म्हणून सोडून देणं

उलट मृत्युपत्र नसलं की कोर्टाचं काम वाढतं आणि कागदही वाढतात. मालमत्तेची यादी आणि किंमत, वारसांमध्ये झालेली वाटणी, अज्ञान मुलांच्या पालकाचे हिशोब, हे सगळं बघा. वॉशिंग्टन सावत्र मुलांचा पालक म्हणून कोर्टाला हिशोब द्यायचा. आपल्याकडे नाशिक-त्र्यंबकला उपाध्यायांच्या चोपड्यांत घराण्याची नावं मिळतात, इथे ते काम कोर्टाचं दप्तर करतं, फरक एवढाच की गुलाम माणसांची नावं गुराढोरांच्या आणि भांड्याकुंड्यांच्या यादीत, समोर किंमत लावून लिहिलेली असतात. वाचताना पोटात कालवतं, पण ते पान सोडू नका, कारण त्या माणसांच्या वंशजांसाठी पणजीच्या आईचं नाव कदाचित त्या एकाच पानावर असेल.

सेन्ससचं, म्हणजे जनगणनेचं, थोडक्यात सांगते. १८४० पर्यंत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव, बाकी नुसते आकडे. १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या वेगळ्या तक्त्यात मालकाचं नाव, गुलामांचं फक्त वय, लिंग आणि रंग. आधी गुलाम असलेली बहुतेक माणसं नावानिशी दिसतात ती थेट १८७० मध्ये. म्हणून त्यांच्या बाजूने १८७० पासून मागे या, विधवेच्या बाजूने पुढे जा, आणि मधला दुवा कोर्टाच्या कागदात शोधा.

"काउंटीचं दप्तर जळालं" हे शेवटचं उत्तर मानणं

कस्टिस मंडळी न्यू केंट काउंटीची, आणि तिथलं दप्तर १७८७ मध्ये जाळलं गेलं. ते जाळणारा जॉन प्राइस पोझी पुढच्या वर्षी फाशी गेला. तरी कस्टिस घराण्याचे कागद आज रिचमंड शहरातल्या इतिहास संस्थेत बघायला मिळतात, कारण ते घरात राहिले होते. जमीन दुसऱ्या काउंटीत असेल तर तिथलं दप्तर बघा, आणि व्हर्जिनियाच्या राज्य ग्रंथालयात वारसाहक्काच्या भांडणांचे चॅन्सरी खटले (चॅन्सरी म्हणजे अशी भांडणं चालवणारं कोर्ट) आहेत, त्यातले बरेच स्कॅन करून ठेवलेत.

तारखांचंही सांभाळा. १७५२ च्या आधी नवं वर्ष २५ मार्चला लागायचं, त्यामुळे जानेवारी ते मार्चच्या नोंदीत एक वर्षाचा फरक पडतो आणि मूल लग्नाआधीच जन्मलं की काय असं वाटायला लागतं.

"मायाळू मालकीण होती, तिने सगळ्यांना सोडलं"

घरगुती आठवणींत हे हमखास असतं, आणि त्यावर विश्वास ठेवला की पुढचा शोधच बंद पडतो. मार्थाने १ जानेवारी १८०१ ला मुक्त केले ते नवऱ्याचे गुलाम. त्यांना ती मेल्यावर सोडायचं असं त्याने लिहून ठेवलं होतं, म्हणजे तिच्या मरणावर त्यांची सुटका अवलंबून, आणि त्या माणसांमध्ये राहताना तिला जिवाची भीती वाटत होती असं राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्सची बायको अबिगेल हिने १८०० च्या डिसेंबरमध्ये बहिणीला लिहिलंय. एलिश नावाचा एकच माणूस मार्थाच्या पूर्ण मालकीचा होता, त्याला ती सोडू शकत होती, तिने तो नातवाच्या नावावर केला.

मे १८०२ मध्ये ती गेली आणि हिश्श्यातली माणसं चार नातवंडांत वाटली गेली, कुटुंबं तोडून. म्हणून १८०२ नंतर एका घराचा शोध चार घरांत न्यावा लागतो: लॉ, पीटर, लुईस ही नातींची सासरं, आणि नातवाचं आर्लिंग्टनचं कस्टिस घर. आर्लिंग्टनची शाखा सगळ्यात लांबपर्यंत हाती लागते. नातू जॉर्ज वॉशिंग्टन पार्क कस्टिस १८५७ मध्ये वारला, पाच वर्षांत गुलामांना सोडावं असं त्याने लिहिलं होतं, आणि ते काम जावई रॉबर्ट ई. ली याने डिसेंबर १८६२ मध्ये केलं. त्या मुक्तिपत्रात माणसांची नावं आहेत, आणि तिथून १८७० च्या सेन्ससपर्यंत फक्त आठ वर्षांचं अंतर उरतं.