सातपुड्यात फिरायला मोटरसायकल घेताय? आधी वजन बघा

तोरणमाळ, धडगाव किंवा पालच्या बाजूला कच्च्या वाटांवर गाडी चालवायची असेल तर सीसीच्या मागे धावू नका. पहिला प्रश्न एकच: नाल्यात आडवी पडलेली गाडी तुम्ही एकटे उचलू शकता का? हीरो एक्सपल्स २०० साधारण १६० किलोच्या आत बसते, रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० जवळपास १९६ किलो. धुळे-जळगाव हायवेला जड गाडी छान वाटते, पण दगडी चढावर हाच फरक जीव काढतो. नवख्याने हलकीच घ्यावी, हे माझं ठाम मत.

पुढचं चाक २१ इंची आणि तारांचं हवं. मोठं चाक दगडावरून सहज चढतं. ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या पोटाची जमिनीपासूनची उंची, २०० मिमीच्या वर बघा. सीटची उंची मात्र स्वतः बसूनच ठरवा. ८२५ मिमी कागदावर कमी वाटते, पण उतारावर पाय टेकला नाही की गाडी गेलीच.

आपल्याकडची खरी परीक्षा तापीकाठच्या काळ्या मातीत. पावसात ती टायर आणि मडगार्डच्या मध्ये इतकी घट्ट बसते की चाक फिरतच नाही. म्हणून पुढचं मडगार्ड उंच असलेली गाडी घ्या, आणि पाऊस पडून गेल्यावर पाणंद रस्त्यावर दोन दिवस जाऊच नका. मागच्या चाकाचं एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) बंद करता येतं का, तेही विचारा. सुट्या खडीच्या उतारावर ते बंद करण्याचा फार उपयोग होतो.