नाव आपलं, मग डोमेनही आपलंच घ्या

दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या साइटवरचं माझं अकाउंट रातोरात लॉक झालं, का ते आजतागायत कळलं नाही, अपील केलं तर मशीनचं उत्तर आलं आणि विषय संपला. तेव्हा ट्यूब पेटली की ते नाव माझं नव्हतंच, भाड्याचं होतं.

तर ब्लूस्कायवर (ट्विटरसारखं सोशल नेटवर्क) असाल तर आधी एक डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा स्वतःच्या नावाचा पत्ता, घ्या, तोच तिथे तुमचं नाव म्हणून लावता येतो. साधं डॉट इन चालतं, वेबसाइट नसली तरी चालतं. मग सेटिंग्जमधे अकाउंट, त्यात हँडल (म्हणजे @ नंतरचं तुमचं नाव), तिथे स्वतःचं डोमेन वापरायचा ऑप्शन आहे. तो दाबला की एक लांबलचक ओळ मिळते, सुरुवातीला 'डीआयडी' दोनदा दिसतं, चूक समजून एक खोडू नका, जशीच्या तशी कॉपी करा. आता डोमेन जिथून घेतलं तिथल्या डीएनएसमधे (डोमेन कुठे जोडलंय त्याच्या नोंदी असतात ते पान) नवीन रेकॉर्ड टाकायचा, टाइप टीएक्सटी, व्हॅल्यूत ती ओळ, होस्टमधे अंडरस्कोर आणि त्याला चिकटून एटीप्रोटो, बास. मी इथेच माती खाल्ली, पुढे अख्खं डोमेन पण लिहिलं, पॅनेल ते स्वतःच जोडतं ना, मग डोमेन दोनदा झालं आणि मी अर्धा तास ब्लूस्कायवरचं व्हेरिफाय दाबत बसलो 😅

हँडल बदलल्याने फॉलोअर जात नाहीत. हँडल म्हणजे दारावरची पाटी, खरी ओळख तो डीआयडी, तो तोच राहतो. पण पोस्टी अजून कंपनीच्याच सर्व्हरवर असतात हां, म्हणून अधूनमधून डेटा एक्सपोर्ट करा (फोटो-व्हिडिओ त्यात येत नाहीत, ते वेगळे जपा).

मास्टोडॉन हे असंच दुसरं नेटवर्क, पण वेगवेगळ्या लोकांनी चालवलेल्या अनेक सर्व्हरचं. त्याचं गणित वेगळं, तिथे नावाला सर्व्हर चिकटलेला असतो, आडनावासारखा. सर्व्हर बदलायचा तर नवीन अकाउंट काढा, त्यात जुन्याचा पत्ता एलियस (म्हणजे 'हे जुनं अकाउंटही माझंच') म्हणून द्या, मग जुन्यातून मूव्ह करा. फॉलोअर येतात, पोस्टी मागेच राहतात. तुम्ही ज्यांना फॉलो करता त्यांची यादी सीएसव्ही फाइलमधे (साधा तक्ता) उतरवून नव्या ठिकाणी इम्पोर्ट करावी लागते. आणि हे सगळं जुना सर्व्हर चालू असतानाच, बंद पडल्यावर काही हातात राहत नाही.

डोमेनला ऑटो-रिन्यू लावा. आणि डोमेन विकणाऱ्याकडे मेल आयडी त्याच डोमेनवरचा देऊ नका, डोमेन एक्स्पायर झालं तर त्याची आठवण करून देणारा मेलही तुमच्यापर्यंत पोचणार नाही.