स्पिअरफिशिंग: रीफवर आणि घरी होणाऱ्या या चुका टाळा

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये राहायला आलेल्या मासेखाऊ मराठी माणसाला स्पिअरफिशिंगची, म्हणजे रबराच्या ताणानं भाला फेकणाऱ्या गननं पाण्याखाली मासे मारण्याची भुरळ पडली, तर नवल नाही. एका श्वासावर खाली जायचं, हवा तोच मासा निवडायचा, बाकीच्यांच्या वाटेला जायचं नाही. जाळं किंवा गळ ही निवड देत नाही, म्हणून मला हा छंद मनापासून आवडतो. पण यातल्या बहुतेक अडचणींचं मूळ नेमबाजीत नसतं. ते पाण्यात उतरण्याआधीच्या घाईत आणि घरी परतल्यावरच्या कंटाळ्यात असतं. पाण्यात तुटणारा गनचा रबर बँड कितीतरी दिवस आधीपासून गॅरेजमध्ये तडकत आलेला असतो.

नकाशा न बघता उतरणं

रीफ म्हणजे समुद्रातला प्रवाळाचा खडक. ग्रेट बॅरियर रीफ मरीन पार्कची सध्याची विभागणी १ जुलै २००४ पासून लागू आहे. नकाशावरच्या हिरव्या पट्ट्यात मासेमारी पूर्ण बंद असते, आणि हा पट्टा पार्कचा सुमारे एक तृतीयांश भाग व्यापतो. पिवळ्या, गडद निळ्या आणि फिकट निळ्या पट्ट्यांत स्पिअरफिशिंग करता येतं. मात्र स्कुबा (पाठीवरचं हवेचं सिलिंडर) किंवा हुका (वरून नळीनं येणारी हवा) लावून भाला मारायला क्वीन्सलंडमध्ये मुळातच परवानगी नाही. फक्त स्नॉर्कल चालतो. व्हिटसंडे बेटांभोवती काही जागा अशा आहेत, जिथे पट्टा पिवळा असूनही भाल्याला बंदी आहे. हे सगळं ‘आय ऑन द रीफ’ या मोफत ॲपवर दिसतं.

नवखे लोक बोट कुठे उभी आहे तेवढंच बघतात. हद्द अक्षांश-रेखांशांवर आखलेली असते, पाण्यावर तिची काही खूण नसते, आणि प्रवाह तुम्हाला बघता बघता पलीकडे नेऊन सोडतो. म्हणून उतरण्यापूर्वी प्रवाह कुठल्या दिशेला आहे ते पाहा आणि हद्दीपासून चांगलं अंतर ठेवा. ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये अमावास्येच्या आसपास पाच-पाच दिवस रीफच्या माशांवर बंदी असते, त्याही तारखा आधी बघून ठेवा. न्यू साउथ वेल्समध्ये जात असाल, तर तिथे मासेमारीचं शुल्क भरून परवाना घ्यावा लागतो. तो क्वीन्सलंडमध्ये लागत नसल्यामुळे अनेकांच्या लक्षातच राहत नाही.

सुट्टीत मालवणला जाताना मात्र गन ऑस्ट्रेलियातच राहू द्या. मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं, आणि आपल्याकडे प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. तिथे मास्क आणि स्नॉर्कल घेऊन फक्त बघायला उतरावं.

माशाचा आकार पाण्यातल्या नजरेनं ठरवणं

मास्कमधून प्रत्येक गोष्ट सुमारे एक तृतीयांश मोठी दिसते. कोरल ट्राउट हा आपल्या गोब्र्याच्या कुळातला मासा. त्याच्या नेहमीच्या जातीची किमान लांबी ३८ सेंटिमीटर आहे. म्हणजे २९ सेंटिमीटरचं पिल्लूसुद्धा पाण्यात नियमात बसल्यासारखं दिसतं. गळाला लागलेला लहान मासा सोडून देता येतो, भाला लागलेला सोडता येत नाही. यावर सोपा उपाय आहे. गनच्या नळीवर ३८ सेंटिमीटरवर चिकटपट्टीची खूण करा आणि मासा त्या खुणेशी ताडून बघा. नळीही तितकीच मोठी दिसत असते, शिवाय मासा तिच्या पलीकडे असतो, त्यामुळे चूक झालीच तर सुरक्षित बाजूला होते. ब्लूस्पॉटेड कोरल ट्राउटला ५० ते ८० सेंटिमीटर अशी वेगळी मर्यादा आहे. म्हणून जात ओळखता आली नाही, तर ट्रिगरवरचं बोट काढून घ्यायचं.

जोरजोरात श्वास घेऊन बुडी मारणं

सगळ्या चुकांमध्ये ही सर्वांत घातक. जीव घेणारी.

श्वास घ्यावासा वाटतो, तो ऑक्सिजन कमी झाल्यामुळे नव्हे, तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. भराभर दहा-वीस खोल श्वास घेतले की कार्बन डायऑक्साइड धुऊन निघतो, ऑक्सिजन मात्र फारसा वाढत नाही. धोक्याची घंटाच बंद होते, आणि खाली आपण आरामात आहोत असं वाटत राहतं. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असल्यामुळे उरलेला ऑक्सिजन पुरेसा वाटतो. वर येताना दाब निम्म्यावर येतो, तसा फुप्फुसातल्या ऑक्सिजनचा दाबही निम्म्यावर येतो, आणि शेवटच्या काही मीटरांत किंवा वर पोहोचल्यावर शुद्ध हरपते. आधी काही लक्षण जाणवेलच असं नाही. चांगले पोहणारे, तंदुरुस्त, तरुण लोक असे गेलेले आहेत.

बुडीआधी शांत, नेहमीच्या लयीत श्वास घ्या. दोन बुड्यांमध्ये किमान बुडीच्या दुप्पट वेळ पृष्ठभागावर विश्रांती घ्या. आणि एक वर, एक खाली हा नियम कधीही मोडू नका. जोडीदार वर आला की त्याच्याकडे निदान ३० सेकंद बघत राहा, कारण शुद्ध बऱ्याचदा वर येऊन श्वास घेतल्यानंतर जाते. दोघे मिळून गेले आणि दोघे एकाच वेळी खाली उतरले, तर त्याला जोडी म्हणत नाहीत. कोणी बेशुद्ध झालंच, तर तोंड पाण्याबाहेर धरा, मास्क काढा, डोळ्यांवर फुंकर मारा, गालावर थापटा आणि नाव घेऊन ‘श्वास घे’ म्हणत राहा. ही हालचाल वाचून येत नाही, म्हणून गन घेण्याआधी फ्रीडायव्हिंगचा, म्हणजे एका श्वासावर बुडी मारण्याचा कोर्स करा. दुकानात पैसे कमी पडत असतील, तर गन स्वस्तातली घ्या.

वजनाचंही तसंच. खाली लवकर जाता यावं म्हणून कमरेच्या पट्ट्यात जास्त शिसं घालणारे बरेच भेटतात. पृष्ठभागावर सहज श्वास सोडल्यानंतरही तुम्ही तरंगत राहिलं पाहिजे. बुडत असाल, तर वजन काढा. कान दुखत असतील, तर जोर लावू नका, वर या. सर्दी असेल त्या दिवशी बोटीवर थांबून जोडीदारांची फ्लोट (पाण्यावर तरंगणारा, दोरानं बांधलेला खुणेचा फुगा) सांभाळा. सर्दीची गोळी घेऊन उतरलात आणि तिचा असर मध्येच ओसरला, तर वर येताना कानात हवा अडकते.

उत्तर क्वीन्सलंडमध्ये साधारण नोव्हेंबर ते मे या काळात बॉक्स जेलीफिश आणि इरुकांजी या विषारी डंखाच्या जेलीफिश असतात. उकाडा असला तरी लायक्रा सूट घालाच, आणि बोटीवर व्हिनेगरची बाटली ठेवा.

घरी आल्यावर ‘उद्या धुऊ’

सामानाचं नुकसान होतं ते इथे. मीठ सुकलं की त्याचे स्फटिक बनतात, आणि नळीनं वरवर पाणी मारून ते ट्रिगरच्या आतून निघत नाहीत. सामान कोमट गोड्या पाण्यात अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवा. पाण्यातच ट्रिगर दाबा, फ्लॉपर (भाल्याच्या टोकाजवळची, मासा निसटू न देणारी हलती पाकळी) पुढे-मागे हलवा, रीलचा (दोराच्या फिरकीचा) ड्रॅग, म्हणजे ब्रेक, सैल करून दोर उलगडा. भाड्याच्या फ्लॅटमध्ये अंगण नसतं, पण बाथटब पुरतो.

काय बिघडलं की काय तपासायचं, ते असं.

रबर बँड वारंवार तुटत असतील, तर विशबोनजवळ (बँडची टोकं जोडून भाल्यात अडकणारा दुवा) बँड थोडा ताणून बघा. बारीक चिरा दिसल्या की तो संपला. बँड लॅटेक्सचे असतात. ऊन, उष्णता, तेल आणि ओझोन हे त्यांचे शत्रू. गॅरेजच्या पत्र्याखाली, पेट्रोलच्या डब्याशेजारी किंवा ठिणग्या उडणाऱ्या विजेच्या मोटारीजवळ ते लवकर मरतात. कपाटाच्या अंधारात, न ताणता ठेवा. बदलताना सगळे बँड एकदम बदला, नाहीतर ताण असमान होऊन नेम भरकटतो. गंज लागू नये म्हणून गनवर खनिज तेलाचा स्प्रे मारायची अनेकांना सवय असते. तेच तेल ओघळून बँड कुजवतं. ट्रिगरला लावायचंच असेल, तर सिलिकॉन ग्रीस लावा.

शाफ्ट, म्हणजे भाल्याचा दांडा, ट्रिगरमध्ये ‘टक्’ करून बसत नसेल, तर आत वाळू आहे. आधी धुवा, मग शाफ्ट बसवून हातानं जोरात ओढून बघा. तो सुटला, तर त्या दिवशी ती गन वापरायची नाही. गन पाण्याबाहेर कधीच भरायची नाही, तपासणीसाठीसुद्धा.

शाफ्ट स्टेनलेस असूनही तांबूस डाग पडतात, विशेषतः फ्लॉपरच्या पिनेखाली आणि दोराच्या भोकाजवळ. जिथे मीठ अडकतं आणि हवा पोहोचत नाही, तिथे स्टेनलेस पोखरलं जातं. डाग वरवर असेल, तर बारीक पॉलिश पेपरनं निघतो. खड्डा पडला असेल, तर तिथूनच शाफ्ट एखाद्या मोठ्या माशाच्या हिसक्यानं मोडेल. शाफ्टला जोडलेला नायलॉन दोर बोटांतून सरकवून बघा. खरखर लागली की कापून नवा लावा.

मास्कवर सारखं धुकं धरत असेल, तर काचेवर कारखान्यातला सिलिकॉनचा थर शिल्लक आहे. साध्या पांढऱ्या टूथपेस्टनं काच आतून घासा, चार-पाच वेळा. आरशासारखा लेप असलेल्या काचेवर हे करू नका. मास्क गळत असेल, तर पट्टा आवळण्याआधी मिशी बघा. नाकाखाली मिशीची वरची कड बारीक काढली, तर बहुतेकांची गळती थांबते. पारदर्शक सिलिकॉन पिवळं-काळं पडत असेल, तर मास्क काळ्या रबराच्या फिन्सना चिकटून ठेवलेला असणार. त्याला त्याचा डबा द्या.

वेटसूटची, म्हणजे निओप्रीन या फेसाळ रबराच्या सूटची, घडी घालू नका. निओप्रीनमधले हवेचे बुडबुडे घडीवर कायमचे चिरडले जातात, आणि तिथून थंडी शिरते. रुंद खांद्याच्या हँगरवर टांगा किंवा सैल गुंडाळा. सुकवताना आधी आतली बाजू बाहेर, सावलीत. बाल्कनीच्या कठड्यावर, ब्रिस्बेनच्या डिसेंबरातल्या उन्हात टाकलेला सूट एका मोसमात कडक होतो. ओपन सेल सूट (आतून कापडाचं अस्तर नसलेला) कोरडा ओढू नका. पाण्यात थोडं हेअर कंडिशनर मिसळून आत ओता, मग चढवा. नखानं फाटलाच, तर निओप्रीनच्या गोंदाचे दोन पातळ थर दोन्ही कडांना लावून सुकू द्या, मगच कडा जुळवून दाबा. ओल्या गोंदावर घाईनं दाबलेला जोड टिकत नाही.

लांब फिन्सची पाती भिंतीला टेकवून उभी ठेवली किंवा बंद गाडीच्या डिकीत राहिली, तर प्लास्टिक वाकतं. ती आडवी ठेवा. गनही दोन आधारांवर आडवीच.

लहान मुलं असलेल्या घरात टोकावर टोपण, बँड काढलेले आणि कपाटाला कुलूप, या तिन्ही गोष्टी हव्यात. शिशाची वजनं घरातल्या बादलीत धुऊ नका, मुलांना खेळायला देऊ नका, आणि हाताळल्यावर हात साबणानं धुवा.

मासा कंबरेला लटकवणं आणि मोठाच मारणं

रक्त गळणारा मासा अंगावर बाळगू नका. मेंदूत सुरी घालून लगेच मारा आणि बोटीवर, समुद्राचं पाणी घातलेल्या बर्फात ठेवा. बोट लांब असेल, तर फ्लोटवर. शार्कनं मागणी केली, तर मासा सोडून द्या आणि पाण्याबाहेर या.

तिथला स्पॅनिश मॅकरेल म्हणजे आपली सुरमईच, अगदी तीच जात. त्यामुळे मोठी सुरमई समोर आली की मोह आवरत नाही. सध्या माणशी एकच घेता येते, आणि ती ७५ सेंटिमीटरच्या वर हवी. पण फार मोठी घेऊ नका. रीफवरच्या शेवाळात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचं विष लहान माशांतून मोठ्या शिकारी माशांत साठत जातं. त्यातून होणाऱ्या विषबाधेला सिगुआटेरा म्हणतात. हे विष तळून, उकडून किंवा फ्रीजरमध्ये ठेवून जात नाही. वासाला आणि चवीलाही कळत नाही. रेड बास, चायनामन फिश आणि पॅडलटेल या माशांना तर क्वीन्सलंडमध्ये हातच लावायचा नाही. रीफच्या मोठ्या माशाचं डोकं आणि काळीज-आतडी आमटीत घालू नका, पहिल्या जेवणात तुकडा लहान घ्या, आणि एकाच माशावर सलग चार दिवस जेवू नका.

खाल्ल्यानंतर काही तासांत उलटी-जुलाब, ओठांना मुंग्या किंवा थंड पाणी हाताला चटका दिल्यासारखं वाटू लागलं, तर थांबू नका. ऑस्ट्रेलियात विषबाधेसाठी १३ ११ २६ हा क्रमांक आहे. डॉक्टरांना मासा कुठला होता आणि कुठल्या रीफवरचा होता ते सांगा, आणि उरलेला तुकडा तपासणीसाठी फ्रीजरमध्ये ठेवा.