घरच्या घरी स्पोर्ट्स कार : डोनर, चौकट आणि ब्रेक

भारतात घरी बनवलेल्या मोटारीला रस्त्यावर चालवण्यासाठी नोंदणी मिळणे जवळजवळ अशक्य आहे, ही गोष्ट लोखंड कापण्यापूर्वीच स्वीकारलेली बरी. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम 126 नुसार नव्या नमुन्याची चाचणी पुण्याच्या एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) सारख्या अधिकृत संस्थेकडून करून घ्यावी लागते, आणि जुन्या गाडीचे रूप पालटून ती तिच्याच क्रमांकावर फिरवण्याची वाट मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ने बंद केलेली आहे. म्हणून येथे सांगितलेली गाडी खासगी जागेत, किंवा कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेसारख्या ट्रॅकवर तेथील तपासणी पार करून चालवायची आहे, आणि तेथवर ती ट्रेलरवरूनच न्यायची आहे.

नमुना म्हणून 1957 साली आलेल्या लोटस सेव्हनसारखी गाडी डोळ्यांसमोर ठेवावी. त्या काळी ब्रिटनमध्ये तयार मोटारीवर खरेदी कर असे आणि सुट्या भागांच्या रूपात घेतल्यास तो वाचत असे, त्यामुळे सामान्य माणसाला घरी जोडता येईल इतकी तिची रचना सोपी ठेवलेली होती. इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांना, पाइपांची जोडलेली चौकट, वर छत नाही आणि पत्रे बहुतेक सपाट, एवढाच तिचा संसार. ब्रिटनमधील हौशी मंडळी जुन्या फोर्ड एस्कॉर्टचे भाग वापरून अशा गाड्या आपापल्या गॅरेजमध्ये बनवत आली आहेत.

आपल्याकडे डोनर, म्हणजे जिचे भाग काढून वापरायचे ती जुनी गाडी, म्हणून पहिली पसंती प्रीमियर 118 एनई या गाडीला द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तिचा सांगाडा फियाट 124 चा आणि इंजिन निसानचे 1171 सीसीचे. इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेले, ओढ मागे, पुढे दुहेरी विशबोन (चाक धरणारे त्रिकोणी हात) आणि मागे कॉइल स्प्रिंगवरचे अखंड हाउसिंग (मागच्या दोन्ही चाकांचा एकसंध आस), म्हणजे या कामाला हवे ते सारे एकाच गाडीत मिळते. अशी गाडी आता सहज सापडत नाही. ती न मिळाल्यास 2022 पर्यंतच्या मारुती ईकोचे 1196 सीसीचे इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचे हाउसिंग घेता येते. परंतु ईकोचे पुढचे स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बर यांचे उभे खांब) उंच असल्याने ते सेव्हनच्या बुटक्या बॉनेटखाली मावत नाहीत, आणि पुढचे स्टब (चाकाचा हब धरणारे भाग) दुसरीकडून आणावे लागतात. तसे केल्यास पुढच्या आणि मागच्या हबवरील बोल्टांचे वर्तुळ रिम घेण्यापूर्वी मोजावे. मारुती 800 स्वस्त असली तरी तिचे आडवे इंजिन मागे नेणे हे पहिल्या गाडीत करण्याचे काम नव्हे. सुटे भाग कुर्ल्याच्या भंगार बाजारातून घेतले तरी पावती घ्यावी, आणि पूर्ण गाडी घेतल्यास कलम 55 खाली तिची नोंदणी रद्द करून मगच ती फोडावी.

इंजिन, गिअरबॉक्स, हाउसिंग, रेडिएटर, पेडल आणि सीट हाती आल्याशिवाय एकही पाइप कापू नये, कारण इंटरनेटवरचे आराखडे बहुधा फोर्डच्या मापांचे असतात आणि आपला संप (इंजिनखालचे तेलाचे भांडे), क्लचची घंटी (क्लचवरचे घंटेच्या आकाराचे कवच) किंवा स्टार्टर त्यात बसेलच असे नाही. चौकटीसाठी 25 मिलिमीटरचा, 1.6 मिलिमीटर जाडीचा साधा एमएस (माइल्ड स्टील) चौकोनी पाइप वापरावा; गॅल्व्हनाइज्ड पाइप घेऊ नये, कारण वेल्डिंग करताना जस्ताचा धूर छातीत जातो. लेव्हल बाटली लावून सपाट केलेल्या मेजावर जाड प्लायवुड पसरावे, त्यावर तळाची चौकट पूर्ण मापात आखावी आणि रेषांच्या दोन्ही बाजूंना लाकडी ठोकळे स्क्रूने बसवावेत, म्हणजे पाइप त्यांच्यामध्ये घट्ट बसतो. सांधा घासून इतका जुळवावा की फटीत हॅक्सॉचे पाते शिरू नये. प्रथम सर्वत्र वेल्डिंगचे केवळ छोटे टाके मारावेत, दोन्ही कर्ण मोजावेत, ते जुळल्यावर वरची चौकट आणि तिरके पाइप बसवावेत, इंजिन एकदा आत ठेवून पाहावे, आणि त्यानंतरच मिग (तार आपोआप पुढे सरकवणाऱ्या वेल्डिंग यंत्रा) ने पक्के वेल्डिंग करावे. तेही एका टोकाकडून सरळ दुसरीकडे करीत जाऊ नये. एक सांधा डाव्या अंगाचा, पुढचा उजव्या अंगाचा, असे आलटून पालटून केल्यास उष्णतेने चौकट पिळवटत नाही. आपले वेल्डिंग कसे आहे ते तुकड्यांवर पाहावे: जोडलेला तुकडा व्हाइसमध्ये धरून घणाने वाकवला असता पाइप फाटला तर ठीक, सांधा सुटला तर अजून सराव हवा. विशबोन आणि सीटबेल्टचे ब्रॅकेट मात्र अनुभवी वेल्डरकडूनच जोडून घ्यावेत. डोक्यामागचा रोल बार या चौकोनी पाइपचा चालत नाही. त्याला एफआयए या मोटार शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नियमातील 45 बाय 2.5 मिलिमीटरचा सीमलेस गोल पाइप लावावा.

पुढचे विशबोन बसवताना स्टिअरिंग रॅकच्या (स्टिअरिंगची हालचाल चाकांपर्यंत नेणाऱ्या दातेरी दांड्याच्या) उंचीकडे विशेष लक्ष द्यावे. रॅकच्या आतल्या सांध्यांची जागा विशबोनच्या आतल्या बिजागऱ्यांशी जुळली नाही, तर चाक खड्ड्यात जाताच गाडी आपोआप वळू लागते. स्प्रिंग काढून चाक हाताने वर-खाली करावे आणि त्याचा रोख बदलतो का ते भिंतीवर खूण करून पाहावे. रॅक ॲक्सलच्या मागून पुढे आणला असेल तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवल्यावर चाके डावीकडे वळण्याची करामतही घडू शकते.

ब्रेकसाठी दोन स्वतंत्र सर्किटांचा मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ब्रेकच्या तेलाला देणारा भाग) अनिवार्य समजावा, आणि मागची चाके पुढच्यांच्या आधी जाम होणार नाहीत असा दाब ठेवावा. गाडी हलकी असल्याने हा तोल डोनरपेक्षा वेगळा असतो. फ्रिजच्या कामाची तांब्याची नळी येथे वापरू नये. पेट्रोलची टाकी आणि सीट यांच्यामध्ये पत्र्याची भिंत असावी, आणि बॅटरीची वीज तोडणारा कट-ऑफ स्विच बाहेरूनही हाताला येईल असा लावावा.

ॲल्युमिनियमचे पत्रे, फायबरचे नाक आणि मडगार्ड ही त्यामानाने सोपी कामे आहेत. फक्त पत्रा रिव्हेट करण्यापूर्वी चौकट रंगवून घ्यावी, नाहीतर दोन धातूंच्या सांध्यात, विशेषतः कोकणच्या हवेत, गंज धरतो.

पहिली फेरी मोकळ्या मैदानात, पहिल्या गिअरमध्ये आणि हेल्मेट घालूनच घ्यावी. निघण्यापूर्वी सस्पेन्शन व स्टिअरिंगच्या प्रत्येक नटावर रंगाची रेघ ओढून ठेवावी, थोडे अंतर चालवून परत यावे, गाडी स्टँडवर चढवावी आणि कोणती रेघ सरकली आहे ते टॉर्चच्या उजेडात एकेक नट पाहून तपासावे.