लिबटिन्फो 5 सापडत नाही तेव्हा

उबुंटू 24.04 टाकलं की कालपर्यंत बिनतक्रार चालणारं चिप डिझाइनचं सॉफ्टवेअर अचानक अडून बसतं: ‘लिबटिन्फो डॉट एसओ डॉट 5’ सापडत नाही म्हणे. टर्मिनलवरचा मजकूर, रंग आणि कळा सांभाळणारी एनकर्सेस नावाची लायब्ररी (अनेक प्रोग्राम मिळून वापरतात तो तयार कोड) असते, तिचाच हा एक भाग, आणि 5 ही त्याची जुनी आवृत्ती. कॉलेजच्या लॅबमधली लिनक्स मशिन्स मी सांभाळते. विद्यार्थी यावर करतात ते ठरलेलं असतं, 6 क्रमांकाच्या नव्या फाइलला 5 नावाची सिमलिंक, म्हणजे नुसतं दुसरं नाव, जोडून मोकळे होतात. कृपया हे करू नका. 2015 साली एनकर्सेस 6.0 आली तेव्हा 256 पेक्षा जास्त रंगजोड्या आणि माउसचं चाक यांसाठी आतली रचनाच बदलली. जुन्या रचनेसाठी बांधलेला प्रोग्राम नव्या लायब्ररीवर सुरू झाला, तरी पुढे नीट चालेल याचा भरवसा नाही.

आधी एलडीडी, म्हणजे प्रोग्रामला लागणाऱ्या लायब्ररींची यादी दाखवणारी कमांड, चालवा आणि कोणत्या ओळीपुढे ‘नॉट फाउंड’ येतं ते बघा. मात्र एलडीडी खऱ्या बायनरीवर, म्हणजे प्रत्यक्ष प्रोग्रामच्या फाइलवर, चालवायची. कित्येकदा आपण सुरू करतो ती तो प्रोग्राम चालू करणारी नुसती शेल स्क्रिप्ट असते. फेडोरा या दुसऱ्या लिनक्सवर जुनी लायब्ररी देणारं ‘एनकर्सेस-कॉम्पॅट-लिब्ज’ हे पॅकेज असतं. उबुंटू 24.04 मधून जुनी पॅकेजेस काढून टाकली आहेत, 22.04 मध्ये ती अजून आहेत. म्हणून मी 22.04 चा कंटेनर, म्हणजे त्याच मशिनवरचा वेगळा बंदिस्त कप्पा, करून ते सॉफ्टवेअर त्यातच ठेवते. विद्यार्थ्यांची बाकीची कामं नव्या सिस्टमवर चालू राहतात, आणि जुनी लायब्ररी नको तिथे घुसत नाही.

सर्व्हरवर एसएसएचने, म्हणजे आपल्या टर्मिनलमधून दूरच्या मशिनवर लॉगिन करून, गेल्यावर ‘अननोन टर्मिनल टाइप’ दिसत असेल, तर दुखणं वेगळं आहे. लायब्ररी जागेवर आहे, पण तुमच्या टर्मिनलची ओळख सांगणारी टर्मइन्फोची नोंद त्या सर्व्हरकडे नाही. आपल्या मशिनवरची तयार फाइल उचलून तिकडे ठेवली की बहुतेक जण फसतात. एनकर्सेस 6.1 पासून मोठ्या आकड्यांसाठी त्या फाइलचा नवा साचा आला, जुन्या लायब्ररीला तो वाचता येत नाही. शिवाय लिनक्सवर एक्सटर्म या टर्मिनलची नोंद ‘एक्स’ नावाच्या फोल्डरमध्ये असते, मॅकवर ‘78’ नावाच्या. कारण मॅकची डिस्क सहसा लहान-मोठी अक्षरं वेगळी मानत नाही, त्यामुळे तिथे अक्षराऐवजी त्याचा सोळामानी संकेत वापरतात.

म्हणून मजकूरच पाठवा. आपल्या मशिनवर इन्फोसीएमपी या नोंद मजकुरात दाखवणाऱ्या कमांडला उणे एक्स हा पर्याय देऊन नोंद काढा, पाइपने एसएसएचला द्या, आणि पलीकडे मजकुरातून नोंद बांधणारी टिक ही कमांड त्याच पर्यायासह चालवा. ती नोंद सर्व्हर स्वतःच्या साच्यात बांधून घेतो, रूट अधिकारही लागत नाहीत.

विंडोजवर पायथनसोबत कर्सेस, म्हणजे हीच लायब्ररी पायथनमधून वापरण्याचं मॉड्यूल, येतच नाही. ‘विंडोज-कर्सेस’ पिप या पायथनच्या पॅकेज साधनाने घ्या किंवा सरळ डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजमध्येच चालणारं लिनक्स, वापरा.

आणि बॅशआरसी या शेल सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या फाइलमध्ये टर्मचं, म्हणजे टर्मिनलचा प्रकार सांगणाऱ्या सेटिंगचं, मूल्य कायमचं लिहून ठेवलं असेल, तर ती ओळ आजच काढा. टर्मिनल आपली ओळख स्वतः देतं. त्या ओळीने ही ओळख खोडली, तर टीमक्सच्या (एका टर्मिनलमध्ये अनेक टर्मिनल चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) आत रंग आणि कळा का बिघडल्या हे शोधण्यात दुपार जाते.